रेस दिली की रेडिओत शिट्टी: अर्थिंग, आयसोलेटर की फिल्टर?

गाडीला रेस दिली की स्पीकरमधली बारीक शिट्टी चढत जाते. पाय काढला की उतरते. हा अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा आवाज. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर त्यावर आयसोलेटर आणि फिल्टर अशा दोन डब्या समोर येतील. माझं मत आधीच सांगतो: पहिला हात अर्थिंगला, म्हणजे स्टिरिओच्या काळ्या वायरच्या गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडाला घाला.

त्याआधी दोन गोष्टी बघा. इंजिन चालू ठेवून व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही शिट्टी येत असेल तर ती स्टिरिओच्या पुढे, आरसीए केबलमध्ये (स्टिरिओचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरला नेणारी वायर) किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते आहे. मग ब्लूटूथवर गाणं लावा. गाणं स्वच्छ आणि फक्त रेडिओ खराब असेल, तर वाट अँटेनाची आहे. अशा वेळी आयसोलेटरचा काहीच उपयोग नाही.

अर्थिंगचं काम जवळपास फुकटात होतं. स्टिरिओची काळी वायर बऱ्याचदा डॅशबोर्डमागच्या रंगवलेल्या पट्टीवर नुसती स्क्रूने आवळलेली असते. रंगातून करंट नीट जात नाही. त्यात मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. वर्सोवा किंवा कुलाब्याला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत बोनेटखालची अर्थ पट्टीसुद्धा हिरवी-पांढरी पडते. इंजिन आणि स्टिरिओ चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी स्टिरिओच्या काळ्या वायरला लावा. डीसी व्होल्टवर ०.१ पेक्षा बराच जास्त आकडा दिसला तर दोष तिथेच आहे. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरच्या टोकाला नवीन लग (धातूची गोल कडी) लावा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस द्या. माझ्या जुन्या गाडीत एका दुकानाने आधी डबी बसवली, पैसे घेतले, शिट्टी मात्र तशीच राहिली. शेवटी एका वायरमनने ती काळी वायर काढून कोऱ्या पत्र्यावर लावली आणि आवाज गेला. तेव्हापासून मी कुणालाही आधी डबी घेऊ देत नाही.

आयसोलेटरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज पलीकडे जातो, पण दोन्ही बाजूंच्या अर्थचा तांब्याचा जोड तुटतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तरच आरसीएवर तो लावण्याचा उपयोग आहे. स्पीकर थेट स्टिरिओवर असतील तर घेऊच नका. स्वस्त आयसोलेटर खालचा बास खातो, तबल्याचा डग्गा पोकळ वाटू लागतो. एका ठिकाणी मात्र तो मी डोळे मिटून सुचवेन: फोन चार्जरला आणि ऑक्स केबलला एकाच वेळी जोडला की शिट्टी येते, तिथे ऑक्सचा छोटा आयसोलेटर नेमका लागू पडतो.

फिल्टर म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर, सप्लायमधली शिट्टी गाळणारे. तो स्टिरिओच्या मुख्य सप्लायवर, म्हणजे बहुतेक नव्या स्टिरिओंच्या पिवळ्या वायरवर बसतो. स्टिरिओचा फ्यूज १० अँपिअरचा असेल तर फिल्टर त्याहून कमीचा नको, गरम होईल. शिवाय तो रोग झाकू शकतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर डीसी साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. तिथेच मीटर एसीवर करून ०.५ च्या वर आकडा आला, तर अल्टरनेटरचा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेल्याचा संशय घ्या. तेव्हा फिल्टर नको, अल्टरनेटर उघडा.

फक्त एफएमवर खरखर असेल तर आधी डॅशकॅम आणि स्वस्त यूएसबी चार्जर उपटून बघा. मीडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्झला आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ऐकताना लोकलच्या तारांजवळ खरखर वाढली, तर दोष गाडीत शोधू नका. त्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात. नवीन स्टिरिओ बसवल्यापासूनच एफएम दुबळं झालं असेल तर बसवणाऱ्याला विचारा, अँटेनाची निळी वायर जोडली का? आजच्या छोट्या अँटेनात बहुधा बूस्टर असतो आणि त्याला त्याच वायरने १२ व्होल्ट मिळतात.