एकाच केबलवर दिवसभर: सोनी ए-सेव्हन-थ्रीचा यूएसबी वीजपुरवठा

गेले दीड वर्ष मी आमच्या गावच्या वाचनालयातील पोथ्यांची आणि मोडी कागदांच्या रुमालांची, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांची, छायाचित्रे घेत आहे. कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून बसवलेला असतो, त्याच्या तळाला प्लेट घट्ट कसलेली असते, एक केबल लॅपटॉपकडे जाते आणि प्रत्येक पान लॅपटॉपच्या पडद्यावर तपासल्याशिवाय पुढचे पान उलटले जात नाही. अशा कामात मध्येच बॅटरी संपणे ही किरकोळ गोष्ट नाही. बॅटरीचे झाकण तळालाच असते; त्यामुळे ती बदलायची म्हणजे प्लेट सैल करायची, कॅमेरा पुन्हा बसवायचा, फोकस पुन्हा जुळवायचा, आणि इतके करूनही चौकट केसभर सरकतेच. मग एकाच पोथीची आधीची व नंतरची पाने वेगवेगळ्या मापाची दिसू लागतात. म्हणून या लेखात मी सोनी ए-सेव्हन-थ्री या कॅमेऱ्याच्या चित्रगुणवत्तेबद्दल न लिहिता, संगणकाला जोडलेला असताना तो वीज कशी घेतो, एवढ्याच बाबीचे परीक्षण करणार आहे.

हा कॅमेरा २०१८ साली आला. त्यात एनपी-एफझेड१०० ही १६.४ वॉट-तास क्षमतेची बॅटरी आहे आणि मागच्या पडद्याचा वापर करून एका चार्जमध्ये ७१० छायाचित्रे निघतात, असे कंपनी सांगते. हा आकडा प्रमाणित चाचणीतला आहे. आमच्या कामात लाइव्ह व्ह्यू, म्हणजे पडद्यावरचे थेट दृश्य, तासन्‌तास सुरूच राहतो, सेन्सर विसावत नाही आणि प्रत्येक चित्र केबलवरून बाहेर जात असते, त्यामुळे बॅटरी किती चित्रे देईल यापेक्षा ती किती तास तग धरेल हे पाहावे लागते. मेनूमध्ये ‘यूएसबी पॉवर सप्लाय’ नावाचा पर्याय आहे. तो चालू ठेवून जोडणी ‘पीसी रिमोट’वर, म्हणजे संगणकावरून कॅमेरा चालवण्याच्या पर्यायावर, ठेवली की चित्रे नेणारी केबलच कॅमेऱ्याला वीजही पुरवते. बॅटरीच्या चिन्हाशेजारी प्लगचे लहानसे चिन्ह दिसले की पुरवठा सुरू झाला, असे समजावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण अनेकांचा गैरसमज तेथेच होतो. कॅमेरा सुरू असताना केबलमधून आलेली वीज कॅमेरा चालवण्यासाठी वापरली जाते, बॅटरी चार्ज होत नाही. चार्जिंग होते ते कॅमेरा बंद असतानाच. शिवाय पुरवठा कितीही चांगला असला तरी बॅटरी आत असावीच लागते. माझ्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टवर सकाळी दहा वाजता पूर्ण भरलेली बॅटरी दुपारी एकपर्यंत साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. जेवणाच्या सुट्टीत केबल तशीच ठेवून केवळ स्विच बंद केला, तर पाऊण तासात दहा-बारा टक्के परत मिळतात. स्विच हलक्या हाताने फिरवला तर चौकट हलत नाही. या पद्धतीने संध्याकाळी सहापर्यंत झाकण उघडावे लागत नाही आणि मला या कॅमेऱ्याकडून नेमके एवढेच हवे होते.

पोर्टचा फरक मात्र फार मोठा आहे. यूएसबी २ चा साधा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॉट देतो. यूएसबी ३ चा पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॉट. पहिल्यावर कॅमेऱ्याची भूक भागत नाही आणि बॅटरी दुप्पट वेगाने उतरते. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी २ हबची, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीची, स्थिती आणखी बिकट असते, कारण नियमानुसार अशा हबच्या प्रत्येक पोर्टला अवघे १०० मिलिअँपिअर मिळतात. केबलचेही तसेच. मी सुरुवातीला बाजारातून पाच मीटरची एक स्वस्त केबल आणली होती. तिच्यातील वीजवाहक तारा २८ गेजच्या होत्या (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो, जाणारी व येणारी तार धरून तो दोन ओहमच्या पुढे जातो आणि अर्ध्या अँपिअरलाच एक व्होल्ट वाटेत गळून पडतो. पाच व्होल्टचे चार झाले की प्लगचे चिन्ह मध्येच नाहीसे होते आणि कधीकधी जोडणीच तुटते. २४ गेजच्या तारांची, तीन मीटरची केबल घेतल्यापासून हा त्रास पूर्ण थांबला आहे. विंडोजवर काम करणाऱ्यांनी पॉवर ऑप्शन्समधील यूएसबीचे ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’, म्हणजे वापरात नसलेले पोर्ट आपोआप निजवण्याची सोय, हीही बंद करावी.

या सोयीची खरी तुलना डमी बॅटरीशी करावी लागते. बॅटरीच्या आकाराचा ठोकळा आत बसवायचा, त्याची तार झाकणाजवळच्या खाचेतून बाहेर काढायची आणि ती भिंतीवरच्या अडॅप्टरला जोडायची, ही स्टुडिओतली जुनी पद्धत. कॅननचा डीआर-ई६ आणि निकॉनचा ईपी-५बी हे अशाच प्रकारचे ठोकळे (कप्लर) आहेत आणि अखंड विजेच्या खोलीत त्यांना तोड नाही. आमच्याकडे वीज न सांगता जाते. मी आधी दुसऱ्या एका कॅमेऱ्यात अनामिक बनावटीची डमी बॅटरी वापरत असे. वीज गेली त्या क्षणी कॅमेरा बंद पडला आणि कार्डावर लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहिली. त्या रुमालातील तो कागद इतका जीर्ण होता की पुन्हा उलगडताना त्याची एक कड तुटली. ती हळहळ अजून गेलेली नाही. सोनीच्या पद्धतीत बॅटरी आतच असल्यामुळे ती घरातल्या इन्व्हर्टरसारखे काम करते: भिंतीची वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी आहे, केबल निसटली तर कॅमेऱ्याची आहे, आणि सुरू असलेले चित्र पूर्ण होतेच. बॅटरी आत ठेवण्याच्या सक्तीला काही जण उणीव म्हणतात. मला तोच या रचनेचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

मर्यादा आहेतच. या मॉडेलमध्ये यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबीवरून जास्त वॉटची वीज घेण्याची पद्धत, नाही, त्यामुळे मोठा टाइप-सी चार्जर लावूनही चार्जिंगचा वेग वाढत नाही. ती सोय नंतरच्या ए-सेव्हन-फोरमध्ये आली. चार्जिंगसाठी १० ते ३० अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले आहे. चैत्र-वैशाखात वाचनालयाच्या पत्र्याखालच्या खोलीत ते मिळणे अवघड, म्हणून उन्हाळ्यात मी बॅटरी रात्री घरी चार्ज करतो.

जुना कॅमेरा घेऊन असेच काम करू पाहणाऱ्यांनी ‘यूएसबी चार्जिंग’ एवढे दोन शब्द वाचून पैसे देऊ नयेत. २०१८ चा निकॉन झेड-६ आणि त्याच वर्षीचा कॅनन ईओएस आर हे दोन्ही यूएसबीवर चार्ज होतात, पण सुरू असताना त्यावर चालत नाहीत. २०२० च्या झेड-६-टू आणि आर-६ मध्ये ते शक्य झाले. दुकानात कॅमेरा आपल्याच लॅपटॉपला आणि आपल्याच केबलने जोडून, लाइव्ह व्ह्यू सुरू ठेवून, प्लगचे चिन्ह अर्धा तास टिकते का हे पाहावे, आणि त्यानंतरच किमतीची बोलणी करावीत.