विगनला लोकल गाइड घ्यावा की एकट्यानं भटकावं?

फिलिपिन्समधलं विगन, स्पॅनिशांनी १५७२ मध्ये वसवलेलं आणि १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत असलेलं. आम्ही पहिल्या दिवशी गाइडशिवाय फिरलो, काये क्रिसोलोगोच्या दगडी रस्त्यावर मस्त फोटो काढले, पण खरं सांगू, तासाभरात सगळी घरं सारखीच दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी गाइड घेतला तर तो पहिल्याच घरापाशी थांबला, म्हणाला खालचा मजला विटांचा आणि वरचा लाकडाचा का ते बघा, खाली घोडागाडी नि माल ठेवायचे आणि माणसं वर राहायची. मग खिडकीवर टिचकी मारून दाखवली, काच नाहीच, चपट्या शिंपल्यांचे पातळ चौकोन! अरे, हे तर गोव्यातल्या जुन्या घरांत बघितलंय की आपण!!

आता गाइडची वाईट बाजू म्हणजे घाई. पगबुर्नायन या कुंभारवाड्यात मातीचे मोठे रांजण चाकावर घडवताना बघत बसावंसं वाटत होतं पण तो आपला चला चला. एम्पानाडा खायला मात्र गाइड कशाला हवा, कच्च्या पपईचा कीस, अंडं आणि लोंगानिसा (तिथलं सॉसेज) भरलेली ती गरम करंजी आपली आपणच शोधायची, व्हिनेगरमध्ये बुडवून.

मी परत गेलो तर सकाळी गाइड, संध्याकाळी एकटा.