मांगा प्लस अ‍ॅप: अजून चालू असलेल्या लव्ह स्टोऱ्या वाचणाऱ्यांना कितपत कामाचं

रविवारी रात्री आपल्याकडे साडेआठ वाजले की जपानात सोमवार लागतो आणि लागला की लगेच शोनेन जंप या मांगा म्हणजे जपानी कॉमिक्सच्या साप्ताहिकाचे नवे चॅप्टर मांगा प्लसवर पडतात, इंग्रजीत आणि फुकट. टोकियोतलं पोरगं आणि भुसावळचं पोरगं एकाच वेळी तेच पान उघडतं ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते, आणि लव्ह स्टोरी चालू असतानाच वाचायची असेल तर याच्यापेक्षा चांगली सोय सध्या मला तरी दिसत नाही.

जंप काढणारी शुएइशा कंपनी, तिचंच हे अ‍ॅप, 2019 च्या जानेवारीत आलं. वेबसाईटवर सिरीजचे पहिले तीन आणि शेवटचे तीन चॅप्टर उघडे असतात पण फोनच्या अ‍ॅपवर बहुतेक चालू सिरीज पहिल्यापासून आजपर्यंत एकदा फुकट वाचता येतात. एकदा म्हणजे एकदाच हां. मारामारीच्या मांगाला हे चालून जातं, लव्ह स्टोरीत माणूस मागे जातोच, त्या पावसाच्या दिवशी तो नक्की काय बोलला होता, तिने तेव्हा विषय का बदलला, आणि मागे जायला गेलं की कुलूप. त्यासाठी 2023 मध्ये मॅक्स नावाचं मेंबरशिप आलं, सुरुवातीचा भाव स्टँडर्डला महिन्याला 1.99 डॉलर आणि डिलक्सला 4.99. चालू सिरीजच वाचणार असाल तर स्टँडर्ड पुरे, डिलक्स हे संपलेल्या सिरीज वाचणाऱ्यांसाठी.

आता मुद्द्याचं. माझ्यासाठी हे अ‍ॅप म्हणजे ब्लू बॉक्स. कोजी मिउराची सिरीज, 2021 च्या एप्रिलपासून जंपमध्ये येतेय, 2024 च्या ऑक्टोबरात अ‍ॅनिमे पण आला. तायकी बॅडमिंटन खेळतो, चिनात्सु बास्केटबॉल, ती एक वर्ष पुढे. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तो कितीही लवकर गेला तरी ती आधीच तिथे बॉल घेऊन प्रॅक्टिस करत असते, आणि दोघांत बोलणं जवळपास नाहीच. मग कळतं की तिच्या घरचे परदेशी चाललेत आणि ती राहायला येणार तायकीच्याच घरी, कारण दोघांच्या आया एकेकाळी एका टीममध्ये खेळायच्या. एवढं ऐकल्यावर वाटतं आता फिल्मी धिंगाणा सुरू होणार, तर तसं काहीच होत नाही, ती घरात आली म्हणून तो उलट जास्त जपून वागायला लागतो. आपल्या भागात भरल्या घरात वाढलेल्या कुणालाही हे लगेच कळेल, स्वयंपाकघरात आई उभी असताना समोरच्याला नुसतं जेवलीस का विचारायलाही केवढी हिंमत लागते. जपानी घर, जपानी शाळा, पण तो संकोच मला पुरता ओळखीचा वाटला.

आणि त्यात हिना, तायकीच्या वर्गातली, जिम्नॅस्टिक्स करणारी, जिला तायकी आवडतो आणि जी ते सांगायची हिंमत करते. हे खंड हातात घेऊन वाचलं असतं तर पान उलटून पुढे काय झालं ते बघून मोकळी झाले असते. आठवड्याला वीसेक पानं मिळतात तेव्हा ती पोरगी पुढच्या रविवारपर्यंत डोक्यात तशीच उभी राहते. माझी अमळनेरची मावसबहीण पक्की हिनाच्या बाजूची, मी चिनात्सुच्या, चॅप्टर वाचून झाला की तिचा फोन आलाच म्हणून समजा, आणि मावशी मागून ओरडून राहिलेली असते की आधी जेवून घे मग भांड. चालू सिरीज वाचायची खरी मजा ही आहे, मधल्या दिवसांत आपण त्या पोरांची काळजी करत बसतो. नंतर एका दमात वाचणाऱ्याला गोष्ट मिळते पण ही काळजी मिळत नाही.

वाचताना एक करा, फोन आडवा धरा. उजवीकडून डावीकडे दोन पानं शेजारी दिसतात. लव्ह स्टोरीत बिनसंवादाच्या चौकटींवरच सगळं असतं, नुसता हात, नुसती पाठ, आणि भराभर वर सरकवत गेलं तर नेमकं तेच निसटतं.

ज्यांना वाट बघायचं टेन्शन नको त्यांनी यू अँड आय आर पोलर ऑपोझिट्स घ्यावी, जंपच्याच ऑनलाईन भावंडावर, जंप प्लसवर, 2022 ते 2024 चालली आणि वेळेवर संपली पण. बडबडी सुझुकी आणि शांत तानी, इथे होकार सुरुवातीलाच येतो आणि पुढची गोष्ट एकमेकांना समजून घ्यायची आहे, फार गोड आहे.

पण पोरींसाठी काढलेल्या मासिकांतल्या लव्ह स्टोऱ्या शोधायला याल तर हिरमोड होईल. शुएइशाकडे रिबन आहे 1955 पासून, मार्गारेट आहे 1963 पासून, एवढा खजिना घरात असून या अ‍ॅपवर त्यातलं फार थोडं दिसतं, सगळा भर जंपवर. अ साइन ऑफ अफेक्शन हवं असेल तर ते कोदान्शा या दुसऱ्या प्रकाशकाचं, त्यांचं के मांगा वेगळं अ‍ॅप, तिथे तिकिटं आणि पॉईंटचा हिशोब, मला तो प्रकार कटकटीचा वाटतो. रेल्वेने येणं-जाणं असेल तर व्हिझ या अमेरिकन प्रकाशकाचं शोनेन जंप अ‍ॅप बघा, भारतात चालतं आणि मेंबर झालं की चॅप्टर उतरवून ठेवता येतात, गाडीत रेंज गेली तरी वाचन थांबत नाही. छापील खंड आमच्याकडे ऑनलाईनच मागवावे लागतात आणि ते जपानच्या बरेच मागे असतात. चोरीच्या साईटींचं म्हणाल तर 2025 च्या मे महिन्यात मांगाडेक्सवरून 700 च्या वर सिरीज एका झटक्यात काढल्या गेल्या, चालू गोष्ट अशा भरवशावर ठेवू नये.

नवीन लोकांनी हेही लक्षात घ्या की जंपला सुट्ट्या असतात, न्यू इयर, एप्रिल-मेच्या सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टात पितरांचा सण ओबोन, त्या आठवड्यात चॅप्टर नाही आला तर अ‍ॅप बिघडलं समजू नका.

माझी मोठी मागणी भाषेची आहे. स्पॅनिश आहे, थाई आहे, इंडोनेशियन, व्हिएतनामी, जर्मन आहे, हिंदी नाही आणि मराठीचं तर नावच नाही. माझ्या आईला इंग्रजी जमत नाही म्हणून ब्लू बॉक्स मी तिला तोंडी सांगते, भाकरी थापता थापता ती विचारते मग त्या हिनाचं काय केलं त्यांनी, आणि तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. अशा वाचणाऱ्या बाया आपल्याकडे घरोघरी सापडतील. सध्याच्या अ‍ॅपला माझ्याकडून पाचपैकी चार, हिंदी आणली तर उरलेला एक पण देईन, मराठी आणली तर मॅक्सचे पैसे मी आईच्या फोनवर पण भरेन.