सेकंडहँड जपानी पियानो घेताय? आधी वरचं झाकण उघडून बघा

पियानोचे 2 लाख 65 हजार, वाहतूक आणि हमालीचे 18 हजार, ट्यूनिंगचे 6 हजार 500. एकूण 2 लाख 89 हजार 500 रुपये पाण्यात गेले आणि फोंड्याच्या घरात 131 सेंटिमीटर उंचीचं एक काळं चकचकीत धूड उभं आहे, ज्यात सूर टिकत नाही. ‘1987 चा यामाहा यू-थ्री, थेट जपानहून, एकाच घरात वापरलेला’ असं छातीठोक सांगून मडगावच्या विक्रेत्याने 1972 चा माल गळ्यात मारला.

चोरी समोर होती, याचाच संताप होतो. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत आतली सोनेरी लोखंडी प्लेट स्वच्छ दिसते. मॉडेलच्या नावापुढे H हे मालिकेचं अक्षर आणि सिरीयल नंबर 44 लाखांचा. H ही मालिका 1970 च्या दशकातली. A ही नंतरची मालिका आली 1982 मध्ये. यामाहाचे 10 लाखांचे नंबर 1970 च्या आसपासचे, 30 लाखांचे 1980 चे, 40 लाखांचे 1985 च्या सुमाराचे. H आणि 44 लाख एका प्लेटवर असूच शकत नाहीत! पहिला 4 बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड होता. पुढे ट्यूनरने थिनरचा बोळा फिरवला तेव्हा खालून 1 निघाला. पण दुकानात एसी, झाकणावर लेसचं कापड आणि फुलदाणी, वर ‘पॉलिश ओलं आहे, हात लावू नका’ अशी ताकीद. मुलाच्या परीक्षेसाठी पियानो घेणाऱ्या पालकाने अक्षरांची मालिका पाठ करून यायचं का? वर्ष खरं सांगणं हे विकणाऱ्याचं काम आहे.

सूर का उतरतो तेही समजून घ्या. 88 पट्ट्यांसाठी दोनशेच्या वर तारा, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा. प्रत्येक तार एका पिनवर गुंडाळलेली आणि ती पिन पिनब्लॉक नावाच्या लाकडी ठोकळ्यात फक्त घट्टपणावर उभी. जपानमधल्या हीटरच्या कोरड्या खोलीतून कंटेनरमध्ये आणि तिथून आपल्या पावसाळ्यात आलं की लाकूड फुगतं, मग आकसतं, पकड जाते. यावर इलाज म्हणजे जाड पिना बसवणं. आम्हाला त्याचा अंदाज 1 लाख 40 हजार मिळाला. विक्रेत्याने पिनांच्या मुळाशी पातळ सुपरग्लू सोडून ट्यूनिंग उरकलं होतं. टॉर्च तिरका धरा, पिनेभोवती चकाकणारं कडं दिसलं तर तिथूनच परत फिरा.

मधल्या सप्तकातली एकेक पट्टी दाबून धरा. तिथे एका पट्टीला तीन तारा असतात, तिन्ही एका सुरात असतील तर आवाज सरळ जातो, नसतील तर लाटा येतात. विक्रेत्याच्या ट्यूनरचा शब्द धरू नका, आपला माणूस न्या. तारांवर आपटणारे फेल्टचे हातोडे म्हणजे हॅमर, ते पांढरेशुभ्र बघून हुरळू नका, घासून चर काढलेले असतात. वरच्या टोकाला फेल्ट किती उरलंय ते पाहा. खर्जाच्या तारा ठप्प वाजल्या तर तांब्याच्या वेढ्यात गंज किंवा मळ बसलेला असतो. खालची फळी काढून कसर आणि उंदराच्या लेंड्या शोधा.

109 सेंटिमीटरच्या नव्या पियानोचं कोटेशन 3 लाख 15 हजार होतं. फरक 25 हजार 500! त्याचा खर्ज तोकडा, हे खरंच. तारा आखूड असतात. पण वॉरंटी आणि पक्कं बिल मिळतं. उंच जुना पियानो चांगल्या स्थितीत असेल तर नव्यापेक्षा सरस वाजतो, याच आशेवर ही माणसं धंदा करतात.

पोलिसांनी ‘हा दिवाणी मामला’ म्हणून अर्जच घेतला नाही. हेल्पलाइनने तक्रार क्रमांक दिला आणि विक्रेत्याचं उत्तर आलं नाही म्हणून तक्रार बंद केली. उत्तर देत नाही म्हणूनच तर तक्रार होती! एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने ‘वाद्यं आमच्याकडे येत नाहीत’ सांगितलं. खाडाखोड केलेली प्लेट बघायला एकही अधिकारी आला नाही. कर भरणाऱ्यांनी जायचं तरी कुठे?

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमच्याकडे कच्चं बिल आहे, त्यावर नुसतं ‘पियानो 1 नग’ लिहिलेलं. तुमच्या बिलावर मॉडेल, पूर्ण सिरीयल नंबर आणि वर्ष सहीनिशी लिहून घ्या. विक्रेता तयार नसेल तर ॲडव्हान्सचा एक रुपयाही देऊ नका.