रेगन की थोरले बुश: काँग्रेसशी कोणाची तडजोड बरी?

रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश, दोघेही अमेरिकेचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष; दोघांसमोरही काँग्रेसचे (म्हणजे अमेरिकी संसदेचे) विरोधी डेमोक्रॅट बहुमताचे प्रतिनिधिगृह. १९८३ मध्ये रेगन यांनी सभापती टिप ओनील यांच्याशी जुळवून घेत सोशल सिक्युरिटी ही सरकारी निवृत्तिवेतन योजना सावरली. कर वाढला, पण निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६५ वरून ६७ करण्याचेही ठरले. १९८६ च्या कायद्याने आयकराचा सर्वोच्च दर ५० वरून २८ टक्क्यांवर आणला. देवाणघेवाण झाली, दिशा सुटली नाही.

बुश यांनी १९८८ मध्ये नवे कर लावणार नाही असा शब्द दिला आणि १९९० मध्ये तोच दर ३१ टक्के करायला मान्यता दिली. बदल्यात सरकारी खर्चाला कायदेशीर मर्यादा मिळाली (याचे श्रेय त्यांना फारसे मिळत नाही). तरी परंपरावाद्यांना दिलेला शब्द मोडला. मला रेगन यांचीच वाट पटते. अर्थसंकल्पीय तुटीबाबत मात्र बुश अधिक प्रामाणिक होते.