डिझर्टेशनला एमएचसी क्लास वन घ्यावा की क्लास टू?

एमएससी इम्युनॉलॉजीवाल्यांसाठी लिहितेय. एमएचसी म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रोटीन रेणू, त्यांचे क्लास वन आणि क्लास टू असे दोन प्रकार. दोन्हींचं काम तसं एकच, पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा धरून पेशीच्या पृष्ठभागावर टी सेलला (एक रोगप्रतिकारक पेशी) दाखवायचं, पण वर किती रेणू दिसणार हे दोन्हीकडे वेगळ्या जागी ठरतं आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी.

क्लास वन जवळपास सगळ्या केंद्रक असलेल्या पेशींवर असतो आणि त्याची मुख्य तपासणी ईआरमध्ये (पेशीत प्रोटीन घडवणाऱ्या कप्प्यात) होते. प्रोटिओझोमने (प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रणेने) तोडलेले साधारण ८ ते १० अमिनो ॲसिडचे तुकडे टॅप नावाच्या पंपातून आत येतात, त्यातला नीट बसणारा मिळाला तर रेणू वर जातो, नाहीतर तिथेच अडकतो. व्हायरसही बरोबर इथेच घुसतात, हर्पिस सिम्प्लेक्स व्हायरसचं आयसीपी४७ हे प्रोटीन टॅपच बंद पाडतं. कामाला सोपं, हीला सेल्स ही सेल लाइन, क्लास वन वाढवायला इंटरफेरॉन गॅमा, तो ओळखायला डब्ल्यू६/३२ अँटिबॉडी, निगेटिव्ह कंट्रोलला के५६२ ही क्लास वन जवळपास नसलेली सेल लाइन, झालं.

क्लास टू मुख्यतः डेंड्रिटिक सेल, बी सेल, मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर. याचा खरा खेळ रेणू वर पोचल्यानंतर आहे आणि मला तो जास्त आवडतो. अपरिपक्व डेंड्रिटिक सेलमध्ये मार्च१ हे एन्झाइम क्लास टूच्या बीटा साखळीच्या शेपटीतल्या एका लायसिनला (एक अमिनो ॲसिड) युबिक्विटिन नावाची खूण लावतं, मग रेणू आत ओढला जातो आणि लायसोझोम या पचवणाऱ्या कप्प्यात संपतो. एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला घटक, पेशी परिपक्व करणारा) दिलं की मार्च१चं प्रमाण उतरतं आणि रेणू वर टिकायला लागतात, आणि कमाल म्हणजे याच वेळी क्लास टूची जीन चालवणारा सीआयआयटीए बंद होत असतो, म्हणजे नुसतं क्यूपीसीआर (जीनचा आरएनए मोजणं) केलं तर आकडा खाली जाताना दिसेल आणि पृष्ठभागावर मात्र वाढ! त्यामुळे इथे फ्लो सायटोमेट्रीशिवाय (पेशींवरचे रेणू चमकत्या अँटिबॉडीने मोजण्याशिवाय) पर्याय नाही.

अडचणही इथेच आहे. डेंड्रिटिक सेल बनवायला रक्तातून मोनोसाइट (एक पांढरी पेशी) काढा, जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही सिग्नल देणारी प्रोटीन देऊन ५-७ दिवस वाढवा, प्रत्येक डोनर वेगळा वागतो, शिवाय एथिक्सची परवानगी. हीलावर इंटरफेरॉन गॅमाने क्लास टू येतो खरा, पण तो सीआयआयटीएमुळे, डेंड्रिटिक सेलमधली ही गोष्ट त्यात दिसत नाही.

हातात ४-५ महिने आणि फक्त सेल लाइन असेल तर क्लास वन घ्या. लॅबमध्ये डेंड्रिटिक सेल आधीपासून चालू असतील तर बिनधास्त क्लास टू. काहीही घेतलंत तरी स्टेनिंग बर्फावरच करा, नाहीतर अँटिबॉडी लावलेला रेणू आत जात राहतो, आणि अर्धं सॅम्पल परमिएबलाइज करून (पेशीचं आवरण अँटिबॉडी आत जाईल असं सच्छिद्र करून) एकूण किती ते बघा, कारण रेणू बनलाच नाही की बनून आत अडकलाय हे नुसत्या पृष्ठभागाच्या आकड्यावरून कळत नाही.