३० किलोचा काटा, १४ महिने वापरून: "सेटिंग कुठली ठेवू?"

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. एकतर यातल्या निम्म्या तक्रारी या किमतीच्या कुठल्याही काट्याला लागू आहेत, आणि दुसरं म्हणजे खाली जी गोष्ट सांगणारे ती काट्याची नाही, बसवायला आलेल्या माणसाची आहे.

आमचं किराणा दुकान, नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), बाजारपेठेच्या गावात. माल जास्त करून सुट्टाच, साखर, गूळ, डाळी, शेंगदाणे, मसाले. दिवसाला साधारण ८० किलो माल काट्यावरून जातो. काटा म्हणजे टेबलवरचा इलेक्ट्रॉनिक, ३० किलोचा, ५ ग्रामचा, स्टीलचं पॅन, पुढेमागे दोन्हीकडे डिस्प्ले. पासिंग (म्हणजे सरकारी वजनमाप खात्याची तपासणी आणि शिक्का) धरून ५,४०० रुपये पडले.

जुना काटा का बदलला ते आधी. हमालानं तेलाचा १५ किलोचा डबा खांद्यावरून डायरेक्ट पॅनवर आपटला. काटा चालू राहिला, शून्य पण दाखवत होता, म्हणून मी पण काही बघितलं नाही. पप्पांचं एक लोखंडी दोन किलोचं वजन गल्ल्याखाली पडून असतं, शिक्का मारलेलं, एकदा सहज म्हणून ते ठेवलं तर २.०३०. परत ठेवलं, परत २.०३०. म्हणजे किलोला १५ ग्राम जास्त दाखवतोय, म्हणजे गिऱ्हाईकाला ९८५ ग्रामच जातंय. डबा आपटला त्याला १८ दिवस झाले होते. ८० किलो गुणिले १५ ग्राम गुणिले १८ दिवस, २१ किलो ६०० ग्राम. रात्री दुकान बंद करून हा हिशोब तीन वेळा केला, तेवढाच आला.

आता ज्यांना आमच्याबद्दल माहीत नाही त्यांच्यासाठी, आम्ही ख्रिश्चन. नगरला मिशन आलं १८३१ साली, त्यामुळे इकडच्या बाजारात ख्रिश्चन दुकानदार म्हणजे काही नवल नाही, पण लोकांची एक अपेक्षा असते आणि ती बोलून पण दाखवतात, "रविवारी चर्चला जातो आणि सोमवारी काटा मारतो" हे वाक्य मी लहानपणापासून दुसऱ्याबद्दल ऐकत आलोय, आपल्याबद्दल ऐकायची भीती होती. पप्पा म्हणायचे दांडी कुठलीच मारायची नाही, ना तराजूची ना उपासनेची. (दुसरी मी कधीमधी मारतो, खोटं कशाला बोलू.)

आणि शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, याबद्दल किती लिहिलंय ते किराणावाल्यालाच कळतं. संडेस्कूलला आम्हाला दाविद आणि गल्याथ शिकवला, नोहाचं तारू शिकवलं, पण लेवीय १९ मध्ये खरी तागडी आणि खरी वजनं वापरा असं सरळ लिहिलंय ते कुणी शिकवलं नाही. नीतिसूत्रे ११ चं पहिलंच वचन खोट्या तागडीवर आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात तर थैलीत दोन प्रकारची वजनं ठेवू नको म्हणलंय, एक मोठं एक लहान, म्हणजे घ्यायला एक आणि विकायला एक. हा धंदा करणारी लोकं मी डोळ्यांनी बघितलीत हो, तीन हजार वर्षात ट्रिक बदललेली नाही.

तर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं असं असं झालंय. ते म्हणले, जक्कयानं (बायबलमधला जकातदार, लोकांकडून जास्तीचे पैसे घेतलेला) चौपट परत दिलं. म्हणलं साहेब, जक्कय श्रीमंत होता. ते हसले, पण पुढं काही बोलले नाहीत, ते तसंच करतात, बोलून सोडून देतात आणि मग आपण रात्रभर जागं. चौपट म्हणजे ८६ किलो माल. शेवटी आमच्या हिनं मार्ग काढला, महिनाभर प्रत्येक किलोला २५ ग्राम जास्त टाकायचं आणि खडूनं पाटीवर लिहायचं की आमचा काटा बिघडला होता, १८ दिवस वजन कमी गेलंय. चौपट नाही झालं पण घेतलेल्यापेक्षा जास्त गेलं. ज्यांना कमी गेलं त्यांनाच परत मिळालं का? सगळ्यांना नाही. बाजारच्या दिवशी खेड्यातून येणारी माणसं परत दिसली पण नाहीत काही. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पाटीचा परिणाम काय झाला ते पण सांगतो. लोकांनी कौतुक केलं असं वाटलं असेल तर नाही. आठवडाभर गिऱ्हाईकं घरी जाऊन मोजायला लागली. एक मास्तर म्हणले, "बिघडला होता का बिघडवला होता?" मी गप्प. आपल्याकडं उसाच्या काट्यावरून काटामारीची बोंब ऐकत ऐकत माणसं मोठी झालीत, त्यांना काट्याबद्दल संशय येणारच.

असो. नवा काटा. बसवायला दुकानदारानं एक पोरगा पाठवला, चांगला, हात सराईत. पायाचे स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणला, बॅटरी लावली, आणि पॅन ठेवता ठेवता एकदम नेहमीचा प्रश्न विचारल्यासारखं म्हणला, "दादा, सेटिंग कुठली ठेवू?"

मला खरंच कळलं नाही. म्हणलं कसली सेटिंग, किलोचीच ठेव.

"तसं नाही. किलोला दहा ठेवतात सगळे. काही लोक वीस ठेवतात पण वीस लक्षात येतं. पासिंग होऊन येऊ द्या, मग मी येतो परत, दोन मिनिटाचं काम."

इथं मी लगेच नाही म्हणलं असं लिहिता आलं असतं. नाही म्हणलं, पण त्याआधी डोक्यात गणित होऊन गेलं, किलोला दहा ग्राम कमी दिलं तर किती सुटतं. ८० किलोला ८०० ग्राम, २६ दिवसाला २० किलो ८०० ग्राम, साखरेच्या भावानं ४४ रुपयानं धरलं तर ९१५ रुपये महिना. सहा महिन्यात काटा फुकट. हे सगळं व्हायला किती वेळ लागला असेल, त्यानं स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला तेवढाच. आणि नुकतंच पाटीवर लिहून मोकळा झालेला माणूस मी. मोहात पाडू नको अशी प्रार्थना रोज म्हणतो, पण मोह काही शिंगं लावून येत नाही, तो चहा पीत पीत "सगळे ठेवतात" म्हणतो.

म्हणलं, "शून्य ठेव." तो म्हणला, "तुमची मर्जी," आणि चहा संपवला. वाईट पोरगा नव्हता, तो त्याची सर्व्हिस देत होता.

आता काटा कसा आहे.

वजनाला एक नंबर. काट्यावर एक छोटी पट्टी असते, कोणी वाचत नाही, ती वाचा. त्यावर कमाल, किमान आणि e लिहिलेलं असतं. e म्हणजे काट्याची एक पायरी, माझ्या काट्याचा e ५ ग्राम. दुकानातले काटे शक्यतो अचूकतेच्या तिसऱ्या क्लासचे असतात, त्याचा नियम असा की पासिंगच्या वेळी अडीच किलोपर्यंत अडीच ग्राम इकडंतिकडं चालतं, अडीच ते दहा किलो ५ ग्राम, त्याच्यावर साडेसात. वापरात असताना याच्या दुप्पट सूट. १४ महिन्यात मी दर सोमवारी दुकान उघडल्यावर लोखंडी वजन ठेवतो, आजपर्यंत २.००० च आलंय, दोनदाच २.००५ आलं. वजन पॅनच्या चारी कोपऱ्यांवर पण ठेवून बघा, मधे बरोबर आणि कोपऱ्यात चूक असले काटे असतात. याचा एक कोपरा ५ ग्राम जास्त दाखवतो, म्हणून पोतं मधोमधच ठेवतो.

पण त्याच पट्टीवर किमान १०० ग्राम लिहिलंय, आणि इथं माझी विकेट गेली. म्हणजे १०० ग्रामच्या खाली हा काटा धरायचाच नाही. आणि माझं निम्मं गिऱ्हाईक ५० ग्राम जिरं, ५० ग्राम चहा पावडर, २५ ग्राम मोहरीवालं! ५ ग्रामच्या पायरीनं २५ ग्राम मोजायचं म्हणजे अंदाज पंचे. जास्त भाव कशाचा, मसाल्याचाच, आणि थोडं थोडं कोण घेतं, ज्याच्याकडं पैसे कमी तोच. पोत्यानं साखर नेणाऱ्याला ग्रामला ग्राम आणि म्हातारीच्या जिऱ्याला अंदाज, हे काही बरोबर वाटेना. बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकात अशाच व्यापाऱ्यांना झापलंय, शब्बाथ (विसाव्याचा दिवस) कधी संपतो आणि आम्ही माप लहान करून गरिबाला कधी विकतो याची घाई झालेले. म्हणून मसाल्याला वेगळा छोटा काटा घेतला, १० किलोचा, १ ग्रामचा, किमान २० ग्राम. ३,२०० रुपये. हा खर्च मोठ्या काट्याच्या किमतीत धरूनच चला, विकणारा सांगणार नाही.

टेअरचं बटण. रिकामा डबा ठेवायचा, बटण दाबायचं, शून्य होतं, मग माल. काट्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हे बटण आणि नेमकं तेच नवव्या महिन्यात दबेना. वरचं प्लॅस्टिक फाटलं, दोनदा जोरात दाबावं लागायचं, गर्दीत मी एकदा न दाबताच तूरडाळ मोजली, डब्याचे १४० ग्राम डाळीच्या भावानं गेले. मुलगा शेजारी उभा, म्हणला, "पप्पा, शून्य नव्हतं." गिऱ्हाईक पायरी उतरलं होतं, त्याला हाक मारून परत बोलवलं, सगळ्या दुकानासमोर. कीपॅड बदलून मिळाला पण ११ दिवस लागले आणि वॉरंटीत असून येण्याजाण्याचे ३०० रुपये घेतले. याचा एक स्टार कापला.

पॅनखाली गूळ जातो. गुळाचा खडा पॅन आणि बॉडीच्या मधे अडकला की पॅन टेकतं आणि वजन कमी दाखवतं, म्हणजे नुकसान आपलं. हे मला तिसऱ्या दिवशीच दिसलं, बघा आपलं नुकसान किती लवकर दिसतं, गिऱ्हाईकाचं दिसायला १८ दिवस लागले होते.

पंख्याखाली ठेवू नका, आकडा नाचतो. मागचा डिस्प्ले, म्हणजे गिऱ्हाईकाकडचा, दुपारच्या उन्हात दिसत नाही. हा दोष मोठा मानतो मी, कारण वजन त्यानं बघायचंय, मला तर माहीतच असतं. पुठ्ठ्याची टोपी करून लावलीय, दिसायला गचाळ पण काम होतं. बॅटरी नवी असताना लाईट गेल्यावर दिवसभर पुरायची, आता चार-पाच तास. आत झुरळं होतात, महिन्यातून एकदा उलटा करून ब्रश मारा, पण पासिंगच्या सीलला हात लावू नका.

पासिंग दरवर्षी करावं लागतं इलेक्ट्रॉनिक काट्याचं, लोखंडी वजनांचं दोन वर्षांनी. सर्टिफिकेट दिसेल असं लावायचं असतं, आमचं येशूच्या कॅलेंडरशेजारी आहे, एक गिऱ्हाईक म्हणलं दोन्हीकडून साहेबांची नजर ठेवलीय.

दसऱ्याची गंमत राहिली. बाजारात खंडेनवमीला सगळे काट्याची पूजा करतात, आम्ही करत नाही, आम्ही सकाळी शटर अर्धं उघडून दोन मिनिटं प्रार्थना करतो तेवढीच. तर शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांची नात आली आणि माझ्या काट्याला झेंडूचा हार घालून गेली, हौसेनं. काढू का नको, काढला तर पोरीला वाईट वाटेल. राहू दिला. कुणीतरी शून्य करून घेतलं आणि संध्याकाळी हार काढला तर डिस्प्लेवर उणे ०.०८५. म्हणजे हाराचं वजन ८५ ग्राम. काकांना सांगितलं तर ते म्हणले, "चला, एवढा तरी देव तुमच्या काट्यात भरला."

रविवारी दुकान बंद असतं. त्याचा तोटा या काट्यावर मोजता येत नाही, पण आहे, आणि समोरचं दुकान रविवारीच जोरात चालतं.

घरी काटा तपासायचा असेल तर सोपं, दहा रुपयाची १३ नाणी ठेवा, १०० ग्रामच्या अगदी जवळ भरतात. माझ्याकडं येऊन माझ्या काट्यावर ठेवली तरी चालतील, मास्तर ठेवतातच.

मोठ्या काट्याला चार स्टार. छोट्याला साडेचार, अर्धा कापला कारण त्याचं पॅन इतकं लहान की पुडी घसरते. आमच्या गल्लीतल्या एक आजी आहेत, रोज ५० ग्राम चहा पावडर नेतात. नवा काटा दाखवला, म्हणलं आजी बघा, बरोबर ५०. त्यांनी चष्मा वर केला, आकडा बघितला आणि म्हणल्या, "ते मशीनचं झालं. आता तुझं टाक." शीग टाकल्याशिवाय पुडी उचलत नाहीत. काल ५४ ला उचलली.